जागा नव्हती, एवढंच

मास्तर, आमच्या सुधारक मंडळाने मला तुमच्यावर पत्रक काढायला सांगितलंय. पानभर मजकूर, वर ठळक अक्षरांत याकोब मास्तर, खाली 'थोर मानवतावादी शिक्षक काळाच्या पडद्याआड'. मंडळाची पत्रकं मीच लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही ती सगळी वाचलीत आणि पेन्सिलीने समासात 'इथे ओरडतोस का?' असं बारीक अक्षरात लिहून परत दिलीत. आज सकाळपासून कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलोय. 'थोर' हा शब्द लिहितो आणि खोडतो. थोर म्हटलं की माणूस भिंतीवर जातो, हार घालायचा आणि मोकळं व्हायचं. मला मोकळं व्हायचं नाहीये. मला लाज वाटतेय, आणि ती पत्रकात कशी लिहितात ते मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. मंडळाला छापायचं तर छापू दे.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा भांडायला आलेलो. आठवतं ना? देश नुकता सुटला होता आणि मी एक पत्रक काढलं होतं, 'गोरा साहेब गेला, आता त्याचा देवही बोटीवर चढवा'. ठाण्यात आमच्या नौपाड्यात वाटून झाल्यावर उरलेले कागद घेऊन मुद्दाम रेल्वेचा पूल ओलांडून कोपरीला आलो. मनात होतं, एखाद्या ख्रिस्त्याच्या हातात हे ठेवू आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघू. तुम्ही ओसरीवर उभ्याउभ्याच वाचलंत. सावकाश, मुलाचा निबंध तपासावा तसं.

"भांडतोस चांगलं," तुम्ही म्हणालात. "पण ज्याच्याशी भांडतोस ते वाचलंयस का?"

"वाचलंय की. मराठीत."

"मराठीत मीसुद्धा वाचलं होतं. मग पाद्र्यांच्या शाळेत, सेमिनरीत, ग्रीक शिकलो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. यात साहेब कुठेच नाही बघ. सगळे आपल्यासारखे उन्हातले, धुळीतले लोक आहेत. रविवारी ये. शिक आणि मग भांड."

मी आलो तो हत्यारं गोळा करायला. खरं तेच सांगतो. शत्रूची मूळ पोथी वाचता आली की पत्रकाला धार येईल, एवढाच हिशेब होता. तुम्ही पाटी काढलीत. तुम्ही नवा शब्द नेहमी पाटीवरच घ्यायचात, 'कागदावर लिहिलं की माणूस हट्टी होतो' म्हणून. पहिली अक्षरं बघून मी ओरडलो, "ही तर भूमितीतली!"

"हो. पण लोक या अक्षरांत रडलेतसुद्धा."

ओसरीवरच्या बाकाच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला तुम्ही, मधे पाटी. तुम्हाला शुभवर्तमान, तुमच्या तारणाऱ्याची ती गोष्ट, साध्या मराठीत उतरवायचं होतं. कोपरीतल्या, डोंबिवलीतल्या बायकांना ते आपल्याच घरात घडल्यासारखं ऐकू यावं असं. त्यासाठी एकेका शब्दाशी तुम्ही आठवडा आठवडा झटत होतात. मला तेव्हा ते रिकामटेकडं वाटायचं. माणसं रेशनच्या रांगेत मरतायत आणि हे शब्द पुसतायत!

मग एका रविवारी 'स्प्लाग्ख्ना' आला. गर्दी बघून त्या तारणाऱ्याला 'कळवळा' आला, असं आपल्या मराठीत होतं. तुम्ही तो शब्द लिहिलात आणि तळव्याने पुसलात.

"कळवळा वाईट नाही. पण फार धुतलेला वाटतो. मूळ शब्द पोटातला आहे. बळी दिलेल्या जनावराच्या आतून जे निघतं ना, काळीज, आतडी, ते. त्या शब्दाला अजून रक्त लागलेलं आहे."

मी म्हटलं, "आमची आई मला रोज म्हणते, तुझ्यापायी माझी आतडी तुटतात रे."

तुम्ही टाळीच वाजवलीत. "अहो ऐकलंत का!" आत तुमच्या बाईंना हाक मारलीत. "मोठमोठ्या पाद्रीसाहेबांना हे इंग्रजीत सांगताना घाम फुटतो, आणि दिनकरची आई नौपाड्यात बसून सरळ ग्रीक बोलते!"

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "अगंबाई, त्यांच्या देवालाही आतडी आहेत होय?" आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. पुढच्या रविवारी मी निघालो तेव्हा मात्र तिने आपणहून विचारलं, "मास्तरांच्या खोकल्याला उतार आहे का?" हे मुद्दाम लिहितोय. आईवर ढकलता येईल असं यात काही नाही, हे मला आधीच सांगून टाकायचंय.

कारण त्या हाकेवर बाई पहिल्यांदाच बाहेर आल्या होत्या. उंबऱ्यात उभ्या राहून हसत हसत म्हणाल्या, "चहा टाकू ना?" आणि मी म्हणालो, "नको बाई, आत्ताच घेऊन आलो."

घेऊन आलो नव्हतो.

त्यांनी तरी टाकला. साखर रेशनवर होती, आठवड्याचं माप घरातल्या माणसांपुरतंच यायचं, आणि त्यातून बाई रविवारसाठी बाजूला काढून ठेवायच्या. माझा कप माझ्या शेजारी बाकावर आला. साय धरेपर्यंत तिथेच राहिला. तुम्ही आपला प्यालात, मग हात लांब करून माझाही घेतलात. "साखर वाया नको," म्हणालात आणि पुन्हा पाटीकडे वळलात.

माझ्यावर कोणी बंदी घातली नव्हती. आईने शपथ घातली नव्हती, वडील तर असल्या बाबतीत कधी तोंडही उघडत नसत. माझा स्वतःचा विटाळावर काडीचा विश्वास नव्हता, मी त्याविरुद्ध गठ्ठ्यांनी कागद वाटलेत. तोंडातून ते वाक्य पहिल्या वेळी कसं निघालं, देव जाणे. पुढच्या रविवारी ते तयारच होतं. मग दर रविवारी. बाई विचारायच्या, मी म्हणायचो, चहा यायचा, तुम्ही दोन्ही प्यायचात. प्रार्थनेतल्यासारखं ठरून गेलं होतं सगळं.

तुम्हाला कळत होतं. कळत नव्हतं असं मला कितीतरी दिवस धरून चालायचं होतं, पण नाताळच्या करंज्यांनंतर तेही जमेना. बाईंनी डबा भरून दिला होता, "आईंना सांग, खोबरं जरा जास्त पडलंय." तो डबा आईने उघडला, वास घेतला, "छान झाल्यात हो," म्हणाली, आणि शेजारच्या गोठ्यात नेऊन दिला. मी समोर उभा होतो. पुढच्या रविवारी बाईंनी विचारलं, "काय रे, खोबरं जास्त झालं होतं ना?" मी म्हटलं, "छे, बेताचं होतं." तुम्ही तेव्हा मान खाली घालून कोऱ्या पाटीवर काहीतरी शोधत होतात.

त्याच नाताळात आपलं मोठं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही.

घरमालकांच्या पागडीविरुद्ध मंडळाची मोहीम चालू होती. कल्याणच्या छावणीत निर्वासित गोणपाटांच्या आडोशाला राहत होते, आणि ठाण्यात एक खोली द्यायची तर मालक आधी हातावर किती ठेवता ते विचारत होते. मला नाताळचा मुहूर्त झकास वाटला. मी लिहिलं, 'हाच तो मालक! याच मालकाने तेव्हाही अवघडलेल्या बाईला दारातून हाकललं, म्हणून जगाचा तारणारा गोठ्यात जन्मला!' आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, तुमचीच गोष्ट, आता तरी शाबासकी द्या.

"हा मालक कुठून आणलास?" तुम्ही विचारलंत.

"कुठून म्हणजे? गोष्टीतच आहे."

"दाखव."

तुम्ही ग्रीक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंत. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं, मागची ओळ, पुढची ओळ. बाई आहे, बाळ आहे, फडकी आहेत, गव्हाण आहे. मालक नाही.

"उतारशाळा आहे म्हणजे मालक असणारच!" मी म्हटलं.

"उतारशाळाही नाही. शब्द आहे कातालुमा. प्रवासातून आल्यावर जिथे ओझं सोडतात, जनावर मोकळं करतात, ती जागा. घरातलीच असावी, पाहुण्यांना देतात ती. पुढे शेवटल्या जेवणासाठी तारणाऱ्याने एका घरात खोली मागितली ना, तिलाही हाच शब्द आहे. पैसे देऊन उतरायच्या जागेला वेगळा शब्द आहे, तो त्या जखमी वाटसरूच्या गोष्टीत येतो. तिथे मालकही आहे. आणि तुझ्या दुर्दैवाने तो बरा वागतो."

"मग हिला हाकललं कोणी?"

"कोणीच नाही."

"असं कसं? पोर गोठ्यात जन्मलं, मास्तर!"

"जन्मलं. घर माणसांनी भरलेलं होतं, पाहुण्यांच्या जागेत जागा नव्हती, एवढंच. कोणी दार लावल्याचं लिहिलेलं नाही. कोणी वाकडं बोलल्याचं लिहिलेलं नाही. सगळी चांगली माणसं असतील. 'तिकडे जरा सोय होते का बघ,' असंही म्हणाली असतील."

"हे मी पत्रकात कसं लिहू? लोक कोणावर चिडतील?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "तुला मालक लागतो, दिनकर. मालक सापडला नाही की तुझं पत्रक उभंच राहत नाही. मला वाटतं, ज्याने लिहिलं त्यालाही मालक घालणं सोपं होतं. त्याने घातला नाही."

मी चिडलो. तुम्हाला भित्रे म्हणालो. मालकांना पाठीशी घालता म्हणालो. म्हणालो, तुमच्या लोकांना इतकी वर्षं मान खाली घालून राहायची सवय झालीय, म्हणून कोणी लाथ मारली तरी तुम्हाला त्यात पाय दिसत नाही. हे सगळं मी तुमच्याच ओसरीवर बसून बोललो, शेजारी चहा गार होत असताना. तुम्ही ऐकून घेतलंत. पत्रक मी मालकासकट छापलं. मंडळात फार गाजलं ते. तुमच्याकडची प्रत परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मालक सापडला की कळव.'

त्यानंतर डोंबिवलीचं सहभोजन. तुम्हाला मी बोलावलं त्यात प्रेम होतं, पण खरं सांगायचं तर पंगतीत एक ख्रिस्ती लागत होता. सगळ्या जातींची माणसं झाली होती, मुसलमान मिळाला होता, भाषणात 'आणि आमचे ख्रिस्ती बांधव' म्हणायला कोणी नव्हतं. तुम्ही धुतलेला कोट घालून आलात. मांडी घालताना गुडघा धरलात. पिठलं-भात दोनदा मागून घेतलात. मी टेबलावर चढून बोललो, 'आज या पानांवर जात जळाली' वगैरे. टाळ्या पडल्या. परतताना स्टेशनवरच्या बाकड्यावर आपण बसलो होतो. तुम्ही अगदी सहज विचारलंत, "आचारी कोण होता रे?"

"त्र्यंबकभट. का?"

"काही नाही. पिठलं छान होतं."

थोड्या वेळाने मीच म्हटलं, "दुसरा कोणी आचारी ठेवला असता तर आमच्या आळीतलं कोणी आलंच नसतं, मास्तर. माणसं जमवायची म्हणजे काहीतरी सोय बघावी लागते."

"हो ना. नसते आले." तुम्ही हसलात. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. टोचणारं असतं तर मी तिथेच उलटं भांडलो असतो. "पंगत मोठी होती, दिनकर. चूल मात्र तुमचीच राहिली."

मी गाडीचा सिग्नल पडला का ते बघायला उठलो. त्या बाकड्यावर मी म्हणायला हवं होतं, उद्या तुमच्याकडे चहा घेईन. इतकं लहान वाक्य. एवढ्या मोठ्या गर्दीपुढे टेबलावरून जात जाळणाऱ्याला ते जमलं नाही. मनात ठरवलं मात्र, रविवारी नक्की. रविवारी बाई उंबऱ्यात आल्या, आणि ते वाक्य माझ्याआधी बोलून गेलं.

तुमच्या घरात मी आत आलो तो तुम्हाला उचलायला. तोवर ओसरीच्या पुढचं मला काही माहीत नव्हतं. भिंतीला लावलेला पाट, फळीवरचे पितळी डबे, कोपऱ्यात स्टो, हे सगळं मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. तुम्ही खाटेवर, तोच कोट घालून. शवपेटीला मी खांदा दिला. दफनभूमीपर्यंत बदलू दिला नाही. मंडळाचे दोघेतिघे आले होते, ते फाटकाशी थांबले. मला त्यांचा राग आला आणि, मास्तर, ऐका, त्या रागात मला बरं वाटलं. मी आत आलोय, हे बाहेर उभे आहेत, असं वाटलं. तुम्हाला मातीत ठेवत होते आणि मी मनातल्या मनात त्या दोघातिघांवर पत्रक लिहीत होतो. मालक सापडला होता मला.

काल रविवार. नेहमीच्या वेळेला पाय आपोआप पुलाकडे वळले. या वेळी चहा मागून घ्यायचा असं ठरवून निघालो होतो. चढताना वाक्य घोळवत होतो, 'बाई, चहा टाका ना.' ओसरीवर वळकट्या बांधलेल्या. बाईंचे भाऊ नगरहून आले आहेत, ते दोरखंड आवळत होते. बाई त्याच दिवशी त्यांच्याबरोबर कायमच्या नगरला जायच्या होत्या. बाक तेवढा जागेवर होता. मी माझ्या टोकाला बसलो. तुमच्या टोकाला पाटी होती, पुसलेली.

"मीच पुसली रे," बाई म्हणाल्या. "त्यांना रविवारी स्वच्छ पाटी लागायची. हाताला सवय."

"काय लिहिलं होतं शेवटचं?"

"मला कुठे वाचता येतं ते? तुमच्या दोघांतलं काहीतरी होतं."

आपला तो शब्द राहिलाच, मास्तर. कातालुमाला मराठीत काय म्हणायचं ते ठरलंच नाही. मी 'पाहुण्यांची खोली' म्हणत होतो. तुम्ही म्हणत होतात, आपल्या लोकांच्या घरात पाहुण्याला वेगळी खोली कुठे असते, जिथे बसवू तीच पाहुण्याची जागा.

बाई समोर उंबऱ्यावर टेकल्या. तुमच्या खोकल्याचं बोलल्या, नगरच्या थंडीचं बोलल्या, आईची चौकशी केली. मी वाट बघत होतो. त्या विचारतील आणि मी हो म्हणेन, इतकं सोपं करून ठेवलं होतं मी. त्या विचारीनात. शेवटी त्यांच्याच लक्षात आलं. अगदी ओशाळल्या.

"अगंबाई, चहाचं विचारलंच नाही मी तुला! आत्ताच घेऊन आला असशील म्हणून राहिलं बघ."

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधला. असता तर माझ्यावर उपकार झाले असते. त्यांना खरंच वाटत होतं, इतकी वर्षं, की नौपाड्यात आमच्याकडे रविवारचा चहा लवकर होतो.

"नाही, बाई," मी म्हटलं. "घेतलेला नाही."

मला वाटतं, माझा आवाज चिरकला असावा. भावाने दोरखंडावरून मान वर केली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं की काहीच कळलं नाही, ते मला सांगता येणार नाही. मग पदराने हात पुसत त्या उठल्या, सवयीने आत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"स्टो सकाळीच शेजारी दिला रे. कपबशा पेटीत गेल्या." मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या..." आणि थांबल्या.

मी उठलो. वळकटी टांग्यापर्यंत नेऊन दिली. पूल उतरून घरी आलो. आईने विचारलं, "चहा टाकू?" आणि मी तिच्यावर उगीच ओरडलो.

तुम्ही कळव म्हणाला होतात, म्हणून कळवतोय. मला कोणी हाकललं नाही, मास्तर. दार उघडं होतं, बाई गोडच बोलल्या. स्टो शेजारी दिलेला होता, एवढंच.